रंग उडालेली गाडी जास्त मोलाची का? जुन्या फोर बाय फोरमधलं मूळपण ओळखणं आणि जपणं

प्रश्न असा आहे: एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन जुन्या फोर बाय फोर. एकीला नवाकोरा चकचकीत रंग, नवी सीट कव्हरं, नवे टायर. दुसरीचा रंग बॉनेटवर पांढुरका पडलाय, रेक्झिन शिवणीवर उसवलंय, पण तिला कुणी हात लावलेला नाही. तरी संग्राहक दुसरीमागे धावतात आणि तिच्यासाठी जास्त मोजतात. हे वेड आहे की यामागे काही हिशोब आहे? आणि गाडी खरोखर जपलेली आहे हे ओळखायचं कसं?

हिशोब आहे. रंग, सीट, टायर या गोष्टी पैसे टाकून कधीही मिळतात. पण कारखान्यातून निघताना कुठे कोणता बोल्ट होता, स्पॉट वेल्डिंगचे (दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडल्याचे) ठिपके किती अंतरावर होते, वायरिंग कोणत्या क्लिपमधून गेलं होतं, ही माहिती एकदा पुसली गेली की परत येत नाही. फार तर तिची नक्कल करता येते. संग्राहक पैसे देतो ते या माहितीचे.

दुसरं म्हणजे या गाड्या टिकण्यासाठी बनल्या असल्या तरी कुणी जपण्यासाठी घेतल्या नव्हत्या. स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये झाकून राहते. जीप किंवा लँड रोव्हर शेतात, खाणीत, जंगलखात्यात, सैन्यात राबली. तुटलं की मिळेल तो पार्ट बसवला, गंजलं की ठिगळ मारलं. त्यामुळे लाखांनी बनलेल्या मॉडेलमध्येही न छेडलेली गाडी दुर्मीळ होते. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. त्यातली स्वतःचं इंजिन, स्वतःची बॉडी आणि स्वतःची चॅसिस घेऊन उभी असलेली शोधायला निघा, मग कळतं.

फोर्ड ब्रॉन्कोच्या पहिल्या पिढीचं (१९६६ ते १९७७) उदाहरण तर फार बोलकं आहे. मोठे टायर बसावेत म्हणून मालकांनी मागच्या चाकांवरचा पत्रा सर्रास कापला आणि वर फ्लेअर, म्हणजे बाहेर आलेल्या कडा, लावल्या. आज ‘अनकट’ ब्रॉन्को म्हणजे मागचा पत्रा न कापलेली गाडी, आणि एवढ्या एका गोष्टीवर तिची किंमत बदलते. कापलेल्या जागी नवा पॅनेल जोडता येतो, पण आतल्या बाजूने वेल्डिंगची रेघ दिसतेच. टोयोटा एफजे४० मध्ये मागच्या कोपऱ्यांचे पत्रे गंजतात आणि बदलले जातात. बदलले की कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे एकसारखे गोल खळगे जातात. मडगार्डच्या आत बोट फिरवलं तरी फरक लागतो.

तिसरं आकर्षण यंत्रातलंच आहे. या गाड्या समजतात. बिजागऱ्या बाहेर, बोल्ट उघडे, सपाट काचा, काही मॉडेलमध्ये पुढची काच बॉनेटवर आडवी होते. कोणता पार्ट काय करतो हे पाहून कळतं आणि बरंचसं काम पाने, हातोडी आणि मॅन्युअलवर होतं. सजावटीसाठी काहीच नसल्यामुळे जो आकार आला तो कामातून आला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात महागड्या गाड्यांच्या शेजारी एक जीप उभी होती, ती याच गुणावर.

आता ओळखण्याबद्दल. सुरुवात नंबरापासून करा, रंगापासून नाही. चॅसिस नंबर कुठे ठोकलाय ते मॉडेलनुसार ठरलेलं असतं: लँड रोव्हर सीरिज २ आणि ३ मध्ये पुढच्या उजव्या पाट्याच्या (पात्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, एफजे४० मध्ये पुढच्या उजव्या चॅसिस पट्टीवर. तारेचा ब्रश आणि रॉकेलने जागा साफ करा, ग्राइंडर लावू नका. आकडे एका रेषेत, एका खोलीचे हवेत. आजूबाजूला घासल्याच्या आडव्या रेघा असतील तर सावध व्हा. मग गाडीवरची माहितीची धातूची प्लेट (डेटा प्लेट), कागद आणि इंजिन नंबर जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर लगेच नाक मुरडू नये. कंपनीच्याच वर्कशॉपने त्याच मालिकेचं इंजिन टाकलं असेल आणि त्याचा कागद असेल, तर तोही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

युद्धकाळातल्या जीपवर थोडं थांबायला हवं, कारण मूळपण वाचायचं कसं हे शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही. रेडिएटरखालचा पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसिसचा आडवा दांडा, पाहा: विलिसच्या चॅसिसला गोल पाइप असतो, फोर्डच्या चॅसिसला उलट्या यू आकाराची चौकोनी पट्टी. चॅसिस कुणाची हे यावरून क्षणात ठरतं. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर आणि कित्येक पार्टवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकलं होतं, त्यामुळे टॉर्च घेऊन तासभर खाली पडून राहिलात तर गाडीत किती फोर्ड शिल्लक आहे हे मोजता येतं. विलिसच्या सुरुवातीच्या सुमारे २५ हजार गाड्यांना पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती; पुढे एका पत्र्यातून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी आली. सात फटी दिसल्या तर ती युद्धानंतरच्या सीजे-२ए या नागरी जीपची. मागच्या पत्र्यावरचं कंपनीचं उठावाचं नाव १९४२ मध्येच बंद झालं. मात्र १९४४ च्या आसपासपासून दोन्ही कंपन्यांनी जवळपास सारखीच बॉडी वापरली, आणि सैन्याच्या वर्कशॉपनी दुरुस्त करताना दोन्हींचे पार्ट बिनदिक्कत मिसळले. म्हणून फोर्डच्या चॅसिसवर विलिसचं इंजिन दिसलं की ‘भेसळ’ म्हणून मोकळं होऊ नका. ती भेसळ १९४५ ची की परवाची, हे शोधायचं असतं. वॉशरखाली जुन्या सैनिकी रंगाचा थर असेल तर पहिली शक्यता बळावते.

रंगाची तपासणी थराची जाडी मोजणाऱ्या मीटरने करा. पोलादी पत्र्यावर कारखान्याचा जुना रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेला तर वरून रंग चढलाय, आणि हजाराच्या वर आकडा आला की खाली खड्डे बुजवायचं पुटीन आहे. लँड रोव्हरची बॉडी बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूची, त्यामुळे लोहचुंबक तिथे काहीच सांगत नाही आणि नुसत्या लोखंडाचा मीटरही चालत नाही. अलोह धातू मोजणारा मीटर हवा. तिथे आणखी एक खूण असते. बंपर आणि बॉडीच्या कडांच्या पट्ट्या कारखान्यातून जस्ताचा मुलामा देऊन येत. जुनं जस्त मळकट राखाडी असतं आणि त्यावर स्फटिकांची पुसट नक्षी दिसते. रंग मारलेल्या किंवा आरशासारख्या पट्ट्या म्हणजे काम झालेलं आहे. भरीव रिव्हेटच्या जागी मध्ये भोक असलेले पॉप रिव्हेट दिसले तर पट्टी कधीतरी उतरवलेली आहे.

मूळ रंग कोणता होता हे कळत नसेल तर बॅटरी ट्रेखाली, डॅशबोर्डच्या मागे किंवा डेटा प्लेटच्या आड पाहा. तिथेही शंका राहिली तर लपलेल्या जागी नाण्याएवढा गोल ४०० च्या पाण्याच्या पेपरने घासा, मग ८०० आणि १२०० ने कडा पसरवा. थरांची वलयं उघडी पडतात: सर्वांत आत प्रायमर, मग मूळ रंग, मग पुढच्या मालकांचे रंग. फोटो काढून ठेवा.

गंजाचं बोलायचं तर या गाड्या बाहेरून कमी, आतून जास्त खातात. लँड रोव्हरची बॉडी गंजत नाही असं ऐकून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. चॅसिस आणि बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, पोलादाची असते. चॅसिस पत्र्याच्या पट्ट्या जोडून केलेली पोकळ पेटी आहे. चिखल आत जातो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून पातळ होत जातो. बाहेर काळा रंग मस्त दिसत असतो. छोट्या हातोडीच्या गोल डोक्याने दर ५ सेंटिमीटरवर ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो. बद्द आवाज आला किंवा हातोडी किंचित आत गेली तर तिथे जोर देऊन स्क्रूड्रायव्हर टोचा, अर्थात मालकाला विचारून. ठरलेल्या दुखऱ्या जागा: मागचा क्रॉस मेंबर, मागच्या पाट्यांच्या हँगरवरचा भाग, बाजूचे आउटरिगर (चॅसिसमधून बाहेर आलेले बॉडी पेलणारे हात) आणि पुढची टोकं. बल्कहेडमध्ये पाय ठेवायचे खळगे, दरवाजाचे खांब आणि हवेच्या झडपांचे कोपरे. पोलाद ॲल्युमिनियमला टेकतं तिथे पाणी मिळालं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया चालू होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी पडते. दरवाजाच्या खालच्या कडेला बोट लावून पाहा. एफजे४० मध्ये मागची आडवी सिल, पुढच्या काचेची चौकट आणि छताची पन्हळ आधी जातात.

चॅसिसवर डांबरी अंडरकोट ताजा मारलेला असेल तर ती गाडी पावसाळ्यातल्या भिंतीवर घाईने काढलेल्या रंगासारखी समजा: खाली ओल आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चाकांकडे या. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर स्विव्हल पिन किंवा ट्रुनियन बेअरिंगचा, म्हणजे ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्या सांध्याचा. लँड रोव्हरच्या स्विव्हलचा क्रोमचा गोळा पुसून टॉर्चने पाहा. त्यावर खड्डे पडले असतील तर नवं ऑइल सील महिनाभरही टिकणार नाही, गोळाच बदलावा लागेल. एफजे४० मध्ये आतलं एक्सल सील गळालं की डिफरन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या त्याच सांध्याच्या, ग्रीसमध्ये मिसळतं आणि सगळं पातळ होऊन गोळ्यावरून ओघळतं. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून सोडवता येणारे हब) बसवलेले असतील तर मालक ते वर्षानुवर्षं मोकळे ठेवतो, सांधे फिरत नाहीत आणि वरच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. महिन्यातून एकदा हब लॉक करून काही किलोमीटर गाडी चालवली की हा प्रश्न येत नाही.

इथेच एक सावधगिरी. जुन्या लँड रोव्हर, विलिस आणि एफजे४० मध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि ओढलेला हँडब्रेक काही धरत नाही. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅक उचलू नका, आणि स्टँडशिवाय खाली जाऊ नका.

चालवून पाहताना दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा. लिव्हर उडी मारून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. सीरिज २ए पर्यंतच्या लँड रोव्हरमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद जुळवणारी यंत्रणा) नव्हता, सीरिज ३ मध्ये चारही गिअरना आला. म्हणून जुन्या गाडीत दुसऱ्यावर उतरताना कर्र आवाज आला तर आधी डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून पुन्हा दाबून) पाहा, मग दोष काढा. लो रेंज (हळू पण जोरदार चालीचा गिअर) आणि फोर व्हील मातीवर तपासा. बहुतेक जुन्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळलात तर सगळी ट्रान्समिशन पिळून बसते आणि लिव्हर निघत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

इंजिनाचं कॉम्प्रेशन गरम असताना मोजा: सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा, आधुनिक गाडीशी नाही; विलिसच्या २.२ लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तरच ६.४८ आहे. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा, १० टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मिळाली तर पहिल्याच दिवशी बॅटरी लावून स्टार्टर मारण्याचा मोह आवरा. गंजलेल्या सिलिंडरमध्ये रिंग घासली की एका मिनिटात दहा वर्षांची झीज होते. क्रम असा ठेवा: प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिलिलिटर पातळ ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग हँडलने हाताने फिरवा. फिरलं तर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर १०-१५ सेकंद फिरवा, ऑइल प्रेशर चढेपर्यंत. पेट्रोलची जुनी टाकी जोडू नका. तळाशी गंज आणि डिंक असतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. वेगळ्या छोट्या डब्यातून पेट्रोल द्या. डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट बारीक पेपरने साफ करा आणि गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, विलिसला ०.०२० इंच. बॅटरी जोडण्याआधी व्होल्टेज आणि अर्थिंग पाहा: युद्धकाळातली जीप ६ व्होल्टची, आणि बऱ्याच जुन्या लँड रोव्हरमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. उलट जोडणीने नंतर बसवलेला रेडिओ किंवा अल्टरनेटर क्षणात जातो.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, हे जवळजवळ गृहीत धरा. पेडल लाकडाच्या टेकूने दाबून एक-दोन दिवस ठेवा. नाही सुटली तर इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात समोर कुणी नसताना गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबूनच स्टार्ट करा आणि थोडा ॲक्सिलरेटर, थोडा ब्रेक असे झटके द्या. ब्रेकचे रबरी पाइप आणि व्हील सिलिंडरचे रबर मात्र न बघता बदलायचे. तिथे मूळपणाचा आग्रह धरणारा माणूस गाडी चालवत नसावा.

टायरचंही तेच. जुन्या नक्षीचे मूळ टायर असतील तर काढून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, दाखवायला उपयोगी पडतील. रस्त्यावर नवे टायर. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सैनिकी गाड्यांच्या दोन तुकड्यांच्या रिमचे नट हवा पूर्ण काढल्याशिवाय सैल करू नयेत, रिम उडून जीव जातो.

ऑइलच्या बाबतीत एक चूक सगळीकडे दिसते. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतील तर जीएल-४ दर्जाचं ऑइल घाला. कित्येक जीएल-५ ऑइलमधली रसायनं पिवळ्या धातूला चरतात. डिफरन्शियलला जीएल-५ चालतं. जुन्या इंजिनांचे टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) सपाट तळाचे असतात, त्यांना जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं इंजिन ऑइल मानवतं. आणि टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्हच्या सीट खचताहेत; पुढच्या वेळी हेड उतरवाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, त्यासाठी मुद्दाम इंजिन उघडू नका.

जपणूक म्हणजे शक्य तेवढं कमी करणं. पांढऱ्या कापडावर पॉलिश घेऊन रंगावर चोळा. कापडाला रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, एकथरी जुना रंग आहे. त्याला मशीनने घासलं तर कडांवर प्रायमर उघडा पडतो. सौम्य साबणाने धुऊन तेलकट ग्लेझ हाताने लावा, रात्रभर मुरू द्या, पुसा, पुन्हा लावा. दोन-तीन वेळात पांढुरकेपणा बराच उतरतो. सपाट पातळ पत्र्यावर सँडब्लास्टिंग करू नका, पत्रा लहरतो. चॅसिसच्या आतला चिखल पाण्याने काढा, बुजलेली भोकं तारेने मोकळी करा, दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्या आणि मग लांब नळीच्या बंदुकीने आतून पोकळीचं मेण फवारा. लहान व्हीलबेसच्या, म्हणजे आखूड, गाडीला २ ते ३ लिटर पुरतं. भोकातून मेण ठिबकू लागलं की आत पोचलं.

बदल करायचाच असेल, उदाहरणार्थ इंडिकेटर, दुहेरी सर्किटचा ब्रेक किंवा चांगले दिवे, तर तो बोल्ट उलटे फिरवून काढता येईल असा करा. मूळ वायर कापू नका, वेगळं हार्नेस (वायरींचा जुडगा) स्वतःच्या फ्यूजवर ओढा. पत्र्याला नवं भोक पाडू नका. काढलेला पार्ट कितीही जीर्ण असो, चिठ्ठी बांधून ठेवा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचाही भर यावरच आहे: आधी जपा, नाइलाज असेल तर पूर्वस्थितीत आणा, आणि आधुनिक भर घातली तर ती परत काढता येऊ द्या.

चॅसिस हातोडीखाली चुरत असेल, बल्कहेडला हात लावताच पापुद्रे पडत असतील, तर ‘सर्व्हायव्हर’, म्हणजे मूळ रूपात टिकून राहिलेली, म्हणून ती तशीच ठेवण्यात अर्थ नाही. जपलेली आणि नुसती दुर्लक्षित राहिलेली, यात फरक आहे. अशा गाडीला जस्ताचा मुलामा दिलेली नवी चॅसिस घाला, पण बॉडीचे पत्रे न रंगवता परत चढवा, आणि नव्या चॅसिसवर नंबर कसा टाकायचा हे काम सुरू करण्याआधी नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा. जुन्या चॅसिसचा नंबराचा तुकडा कापून नवीवर वेल्ड करणं अनेक देशांत गुन्हा आहे, आणि कागद अडकले की कितीही मूळ रंग असला तरी गाडी रस्त्यावर येत नाही. तो तुकडा उत्तर मिळेपर्यंत ऑइल लावून कोरड्या कपाटात राहू द्या.